विकलेल्या मोबाइलला चिकटलेले नाव

नागपूरकर ज्याला नुसते ‘बर्डी’ म्हणतात तो सीताबर्डीचा बाजार विदर्भातील मोबाइल, लॅपटॉप आणि त्यांच्या सुट्या भागांच्या खरेदी-विक्रीचे एक गजबजलेले ठिकाण आहे. व्हेरायटी चौकातून लोहापुलाकडे जाणारा मुख्य रस्ता, त्याला लागून असलेल्या मोदी क्रमांक एक, दोन, तीन या नावांच्या गल्ल्या आणि आसपासची व्यापारी संकुले येथे वर्धा, भंडारा, चंद्रपूरपासूनचे ग्राहक येतात, आणि नवा मोबाइल घेताना जुना दुकानदाराच्या हवाली करून किमतीत वजावट मिळवण्याची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. गेल्या काही वर्षांत मात्र जुन्या उपकरणांचा बराच व्यवहार गल्लीतून उठून ओएलएक्स, क्विकर, फेसबुक मार्केटप्लेस यांसारख्या ऑनलाइन बाजारपेठांवर गेला आहे. दुकानदार देतो त्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात, मध्यस्थ लागत नाही आणि घरबसल्या गिऱ्हाईक सापडते, हे या स्थलांतराचे खरे आणि रास्त कारण आहे. परंतु गल्लीतला व्यवहार ज्या गोष्टींवर उभा होता त्या गोष्टी या स्थलांतरात मागेच राहिल्या, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

दुकानदाराला ठरलेली जागा असते, चेहरा असतो, शेजारी दुसरे दुकानदार असतात आणि उद्या पुन्हा शटर उघडायचे असते. म्हणून त्याच्याशी केलेल्या सौद्यात भाव कमी मिळाला तरी तो माणूस नाहीसा होत नाही. ऑनलाइन बाजारात भाव चढा मिळतो, पण समोरचा माणूस कोण, तो कुठून बोलतो, त्याने पाठवलेले पैसे कोणाचे, आणि वस्तू नेल्यावर तिचे तो काय करणार, या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे काम विक्रेत्याच्या अंगावर येते. हे काम आपले आहे याची जाणीवच नसणे ही या व्यवहारातील सर्वांत मोठी जोखीम होय.

विक्रेता सुरक्षित असतो, हा समज

जुन्या वस्तूंच्या बाजाराचा अर्थशास्त्रीय अभ्यास विक्रेत्याकडे संशयाने पाहूनच सुरू झाला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन असे दाखवले की विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात. या ‘माहितीच्या विषमते’मुळे घेणारा प्रत्येक मोटारीत खोट गृहीत धरून कमी किंमत सांगतो, चांगल्या मोटारीचा मालक त्या किमतीला विकायला तयार होत नाही, आणि बाजारात निकृष्ट मालच उरण्याची प्रवृत्ती निर्माण होते. माहितीच्या विषमतेविषयीच्या या कामासाठी त्यांना २००१ चे अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिक मायकल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले.

सर्वसामान्यांची धारणाही हीच आहे. जुना मोबाइल घेणाऱ्याला घरचे दहा वेळा बजावतात, विकणाऱ्याला कोणी काही सांगत नाही. परंतु मोबाइल आणि मोटार यांत मूलभूत भेद आहे, कारण मोबाइलमध्ये मालकाची छायाचित्रे, संभाषणे, बँकेची खाती आणि ओळखपत्रे साठवलेली असतात, आणि तो वापरात असताना मालकाच्या नावाशी त्याची नोंद दूरसंचार कंपन्यांकडे सतत होत असते. शिवाय पैसे डिजिटल मार्गाने येतात, त्यामुळे ते देणाऱ्याविषयी विक्रेत्याला फारच थोडे कळते. वस्तूचे दोष विक्रेत्याला ठाऊक असले तरी पैशाचे आणि माणसाचे दोष त्याच्यापासून लपलेले असतात. म्हणजे विषमता येथे दोन्ही बाजूंनी आहे, आणि विक्रेत्याच्या बाजूची विषमता तीन ठिकाणी नुकसान करते: पैशात, माहितीत आणि नावात.

पैसे घेण्याच्या नावाखाली पैसे जाणे

एकात्मिक देयक प्रणाली, म्हणजे यूपीआय, ही भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केली आणि काही वर्षांतच ती भाजीच्या गाडीपासून सोन्याच्या पेढीपर्यंत सर्वत्र रुळली. या प्रणालीचा एक नियम इतका साधा आहे की त्याकडे लक्ष जात नाही: पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच नाही. जुन्या वस्तूंच्या विक्रेत्यांची सर्वाधिक ओळखीची फसवणूक या एका नियमाच्या विस्मरणावर उभी आहे.

तिची रीत ठरलेली असते. जाहिरात पडल्यावर काही वेळातच एक गिऱ्हाईक फोन करते, घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य करते, आपण लष्करात किंवा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात आहोत आणि सध्या बदलीच्या गडबडीत असल्याने वस्तू न्यायला माणूस पाठवतो असे सांगते, आणि विश्वास बसावा म्हणून गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्र व्हॉट्सॲपवर धाडते. मग ‘पैसे मिळवण्यासाठी’ एक क्यूआर कोड येतो. क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींत लिहिलेला मजकूर. देयकाच्या कोडमध्ये पैसे ज्याला मिळणार त्याचा यूपीआय पत्ता, नाव आणि काही वेळा रक्कम लिहिलेली असते. तो स्कॅन केला की पडद्यावर त्या व्यक्तीचे नाव व रक्कम दिसते, ‘पैसे द्या’ या अर्थाचे बटण येते आणि त्यानंतर चार किंवा सहा आकडी पिनची चौकट उघडते. या तिन्ही खुणा पैसे जाण्याच्या आहेत. पण फोनवरचा माणूस अखंड बोलत असतो, आधी चाचणी म्हणून पाच-दहा रुपयांचा छोटा व्यवहार करून ती रक्कम खरोखरच परत पाठवतो, आणि विक्रेत्याचे लक्ष पडद्यावरून आवाजाकडे गेले की पंधरा हजारांच्या कोडवर पिन टाकला जातो. पहिली रक्कम गेली की ‘चुकून झाले, परत पाठवतो’ म्हणून दुसरा कोड येतो आणि नुकसान दुप्पट होते.

भारतीय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या प्रकारांविषयी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत ऑनलाइन विक्रीच्या मंचांवरील या पद्धतीचा स्वतंत्र उल्लेख केला असून, त्यात संरक्षण दलातील असल्याची बतावणी आणि पैसे मागण्याच्या सोयीचा गैरवापर या दोन्ही गोष्टी नोंदवल्या आहेत. पैसे मागण्याची ही सोय, म्हणजे एकाने दुसऱ्याला ‘इतके द्या’ अशी विनंती पाठवायची आणि त्याने पिन टाकून ती मान्य करायची, व्यक्तीव्यक्तींमधील व्यवहारांपुरती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. त्यामुळे एक वाट बुजली, तरी क्यूआर कोडची वाट उघडीच आहे.

दुसऱ्या प्रकारात पैसे जात नाहीत, केवळ आल्याचा भास होतो. देयक ॲपसारखेच दिसणारे बनावट ॲप रक्कम, वेळ आणि हिरवी खूण असलेला पडदा दाखवते, किंवा बँकेच्या भाषेत लिहिलेला एसएमएस साध्या मोबाइल क्रमांकावरून येतो. तीन हजारांऐवजी ‘चुकून’ तीस हजार पाठवल्याचा असा संदेश आला आणि उरलेले सत्तावीस हजार परत करण्याची कळकळीची विनंती झाली की सज्जन माणूस आपल्या खऱ्या पैशातून ते परत करतो. पडद्याचे छायाचित्र आणि संदेश हे पुरावे नव्हेत. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये दिसणारी शिल्लक एवढीच खात्रीची खूण आहे. तिसरा प्रकार दूरनियंत्रणाचा आहे: ‘पैसे येण्यात अडचण आहे, हे ॲप टाका’ असे सांगून विक्रेत्याच्या मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दिसेल असे साधन त्याच्याकडूनच बसवून घेतले जाते. अशा एका दूरनियंत्रण ॲपच्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

हे उद्योग एकट्यादुकट्याचे नाहीत. हरयाणा पोलिसांनी एप्रिल २०२३ मध्ये नूह जिल्ह्यातील १४ गावांत एकाच वेळी सुमारे ५,००० पोलीस उतरवून छापे घातले, आणि त्यातून देशभरातील सुमारे २८,००० फसवणुकींचा आणि १०० कोटींच्या आसपासच्या रकमेचा माग लागल्याचे जाहीर केले. या टोळ्यांच्या पद्धतींत जुन्या वस्तूंच्या मंचांवरील खोट्या जाहिराती आणि खोटे व्यवहारही होते. सीताबर्डीत बसून मोबाइल विकणाऱ्याशी बोलणारा आवाज हजार किलोमीटरवरचा, आणि तेच संभाषण दिवसातून अनेकांशी करणारा असू शकतो, एवढे लक्षात घेतले तरी त्याच्या सराईतपणाचे गूढ उरत नाही.

पैसे गेल्यानंतरची कायदेशीर स्थितीही विक्रेत्याला प्रतिकूल असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली आणि बँक व ग्राहक दोघांचाही दोष नसताना तीन कामकाजी दिवसांत तक्रार केल्यास ती शून्यावर आणली. परंतु ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याचेच राहते असेही त्यात म्हटले आहे. स्वतःच्या हाताने टाकलेला पिन बँकेच्या दृष्टीने संमतीच असतो, आणि म्हणून येथे भरपाईपेक्षा सावधगिरीच जास्त उपयोगी पडते.

दुसऱ्याच्या पैशाने झालेली खरेदी

याहून गुंतागुंतीचा प्रसंग असा, की पैसे खरोखर येतात, वस्तू जाते, व्यवहार समाधानाने पुरा होतो, आणि काही दिवसांनी विक्रेत्याचे बँक खाते गोठते. समजा, एका शहरातील नागरिकाला फसवून एका टोळीने त्याच्या खात्यातून पैसे काढले. ती रक्कम टोळीला पचवायची असते, आणि त्याचा सोपा उपाय म्हणजे तिची वस्तू घेणे. मग नागपुरातल्या कोणाचा तरी मोबाइल किंवा लॅपटॉप पसंत केला जातो आणि त्याची किंमत थेट त्या फसवलेल्या माणसाच्या खात्यातून, किंवा मधल्या एखाद्या भाड्याच्या खात्यातून, विक्रेत्याला दिली जाते. टोळीला रोखीसारखी विकता येणारी वस्तू मिळते आणि पैशाचा माग मात्र विक्रेत्याच्या दारात येऊन थांबतो.

फसवलेली व्यक्ती १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार करते तेव्हा पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला त्या खात्यांना एकामागून एक टप्पे मानून बँकांना सूचना जातात, आणि रक्कम रोखून धरली जाते किंवा संपूर्ण खातेच बंद होते. ही तरतूद आवश्यक आहे, कारण पहिल्या काही तासांत पैसा रोखला नाही तर तो परत मिळणे कठीण होते. पण तिच्या जाळ्यात निष्पाप विक्रेताही सापडतो. संशयित मालमत्ता ताब्यात घेण्याचा पोलिसांचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता, तो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे, आणि बँक खाते हीसुद्धा अशी मालमत्ता ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासन पक्षकार असलेल्या एका खटल्यात १९९९ मध्ये स्पष्ट केले आहे.

अशा वेळी पगाराचे खाते, घराचा हप्ता, मुलांचे शुल्क सारे अडकते, आणि खुलासा मागणारे पोलीस ठाणे बहुधा दुसऱ्या राज्यातील असते. आपण खरोखरच एक वस्तू विकली हे दाखवायला जाहिरात, संभाषण, मूळ बिल, उपकरणाचा क्रमांक आणि घेणाऱ्याची सही असलेली पावती हाताशी असेल तर खुलासा लवकर होतो. यातले काहीच नसेल तर प्रामाणिक माणसाकडेही बोलायला केवळ तोंडी शब्द उरतो. म्हणून पैसे पाठवणाऱ्या खात्यावरचे नाव आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाव एकच आहे का, हे पाहणे हा सौद्याचा भाग मानला पाहिजे. ‘मित्राच्या खात्यातून पाठवतो’ या वाक्याला नम्रपणे नकार देण्याने कोणाचा अपमान होत नाही.

पुसलेले आणि न पुसलेले

माहितीची जोखीम समजण्यासाठी साठवणुकीची रीत थोडी समजून घ्यावी लागते. संगणकाच्या हार्ड डिस्कवरची फाइल ‘डिलीट’ केली, किंवा बोलीभाषेत ‘फॉरमॅट मारला’, तर सामान्यतः फाइल कुठे आहे याची नोंद तेवढी जाते आणि मजकूर जागेवर राहतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली म्हणून पाने कोरी होत नाहीत, तसेच हे आहे. ती पाने वाचणारी साधने सहज उपलब्ध आहेत. अमेरिकेतील सिमसन गारफिंकल आणि अभी शेलात या संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचता आलेल्या १२९ पैकी केवळ १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या, आणि उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक व वैद्यकीय नोंदी यांसारखी माहिती सापडली.

मोबाइलचीही स्थिती बराच काळ अशीच होती. अव्हास्ट या सुरक्षा कंपनीने २०१४ मध्ये ऑनलाइन घेतलेल्या २० जुन्या अँड्रॉइड फोनमधून ४०,००० हून अधिक छायाचित्रे परत मिळवली. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ मध्ये २१ जुने अँड्रॉइड फोन तपासून असा अंदाज मांडला की त्या काळातील सुमारे ५० कोटी फोनमध्ये ‘फॅक्टरी रीसेट’, म्हणजे फोन कारखान्यातून निघाला तशा अवस्थेला नेण्याची क्रिया, साठवणूक पूर्ण पुसतच नव्हती. फोनमधील फ्लॅश स्मृतीची झीज सर्व भागांत समान व्हावी म्हणून तिचा नियंत्रक लिहिण्याच्या जागा आपोआप बदलत राहतो, त्यामुळे वरून पुन्हा लिहिले तरी जुना मजकूर नेमका त्याच जागी असेल असे नाही, हीही अडचण होती.

या अडचणीवरचा उपाय सांकेतिकीकरणाने मिळाला. फोनमधील सर्व माहिती एका गुप्त किल्लीच्या आधारे सांकेतिक रूपात साठवली जाते, आणि रीसेटच्या वेळी ती किल्लीच नष्ट केली जाते. मागे उरलेला मजकूर मग कोणालाही अर्थ लावता न येणारा राहतो. आयफोनमध्ये ही व्यवस्था आधीपासून होती, आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती सक्षम नव्या फोनना व दहाव्या आवृत्तीपासून सर्वच नव्या फोनना बंधनकारक झाली. त्यामुळे अलीकडचा फोन नीट रीसेट केला तर त्यातील माहितीची फारशी चिंता उरत नाही. परंतु कपाटात पडून असलेला दहा वर्षांपूर्वीचा फोन, संगणकाची जुनी डिस्क, कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह यांना हा दिलासा लागू नाही. अशी डिस्क किंवा कार्ड विकायच्या वस्तूतून काढून ठेवणे, आणि नको असल्यास फोडून ई-कचऱ्यात देणे हेच शहाणपणाचे.

रीसेटच्या आधीचे काम अनेकदा विसरले जाते. आयफोनमध्ये २०१३ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून अशी सोय आहे की मालकाच्या खात्यातून बाहेर न पडता फोन रीसेट केला, तर पुढच्या वेळी तो त्याच खात्याचा पासवर्ड मागतो. चोरट्यांना रोखणारी ही कडी प्रामाणिक विक्रीत उलटते: घेणारा घरी पोहोचतो, फोन उघडत नाही, तो फोन करून पासवर्ड मागतो आणि विक्रेता संकोचाने तो सांगतो. त्या एका पासवर्डमागे ईमेल, छायाचित्रे, संपर्क आणि इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याची सोय असते. म्हणून क्रम असा हवा: आधी आवश्यक माहितीची प्रत, मग यूपीआय, बँक, डिजिलॉकर व व्हॉट्सॲप यांतून बाहेर पडणे, मग गूगल किंवा ॲपल खाते काढणे, सिम व मेमरी कार्ड काढणे, ई-सिम असल्यास ते दुसऱ्या फोनवर नेणे, आणि सर्वांत शेवटी रीसेट.

माहिती जाहिरातीतूनही गळते. ‘बिल-बॉक्ससह’ असे लिहून बिलाचे आणि खोक्याचे स्पष्ट छायाचित्र टाकले की त्यावरील नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि उपकरणाचा क्रमांक सर्वांना वाचता येतो. मग तीच छायाचित्रे वापरून तिसराच कोणी खोटी जाहिरात करतो आणि फसलेला ग्राहक मूळ मालकाच्या दारात उभा राहतो. दुकानदाराला किंवा खरेदीदाराला ओळखीचा पुरावा द्यावाच लागला, तर ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात असे झाकलेले आधार द्यावे, आणि प्रतीवर तारीख व कारण लिहावे.

पंधरा आकडी ओळख

प्रत्येक मोबाइलला आयएमईआय नावाचा १५ आकडी क्रमांक असतो. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले की तो पडद्यावर येतो, आणि दोन सिमच्या फोनमध्ये असे दोन क्रमांक असतात. फोन मनोऱ्याशी जोडला गेला की हा क्रमांक आणि त्यातील सिमचा क्रमांक यांची जोडी कंपनीच्या नोंदीत जाते, आणि अशा नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. त्यामुळे विकलेला फोन पुढे एखाद्या गुन्ह्यात वापरला गेला, तर तपास करणाऱ्याला त्या फोनच्या इतिहासात आधीच्या मालकाचे सिम दिसते आणि पहिला फोन त्यालाच येतो. वस्तू हातातून गेली तरी नाव तिला चिकटून राहते ते असे.

हे नाव सोडवण्याचे साधन म्हणजे तारीख आणि वेळ असलेली साधी विक्री-पावती. तिच्यात दोघांची नावे, पत्ते, उपकरणाचे मॉडेल, आयएमईआय, किंमत, पैसे मिळाल्याचा व्यवहार क्रमांक आणि ‘उपकरण या स्थितीत तपासून घेतले’ असे एक वाक्य असावे. तिच्यामुळे पुढे ‘डिस्प्ले बदललेला निघाला, पैसे परत द्या’ हा वादही मिटतो. दूरसंचार विभागाने १६ मे २०२३ रोजी सुरू केलेल्या ‘संचार साथी’ पोर्टलवर हरवलेले फोन रोखण्याची आणि आयएमईआय खरा आहे का हे पाहण्याची सोय आहे. विक्रेत्याने स्वतःच जाहिरातीआधी ही तपासणी केली तर आपल्यालाच पूर्वी कोणी चोरीचा किंवा बदललेल्या क्रमांकाचा फोन विकला होता का, हे कळते. चोरीचे दळणवळण उपकरण अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ बी नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि आयएमईआयमध्ये फेरफार करणे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही दंडनीय ठरवले आहे.

प्रत्यक्ष भेट

समोरासमोरचा व्यवहार यामुळेच श्रेयस्कर ठरतो, आणि नागपूरसारख्या शहरात तो अवघडही नाही. सीताबर्डी इंटरचेंज हे मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जिथे मिळतात ते स्थानक असल्याने शहराच्या कोणत्याही टोकाचा खरेदीदार तिथे सहज पोहोचू शकतो; वर्दळ, दिवसाचा उजेड आणि कॅमेरे असलेली अशी जागा घराच्या पत्त्यापेक्षा कितीतरी बरी. मात्र गर्दीचा तोटाही आहे. ‘ओळखीच्या दुकानात दाखवून आणतो’ म्हणून फोन नेणारा गल्ल्यांत दिसेनासा होऊ शकतो, किंवा तसाच दिसणारा बंद फोन परत देऊ शकतो, म्हणून पैसे स्वतःच्या खात्यात दिसेपर्यंत उपकरण नजरेआड जाऊ देऊ नये आणि सोबत एखादा माणूस असावा. कुरिअरने वस्तू पाठवण्याचा व्यवहार अनोळखी माणसाशी करूच नये, कारण त्यात विक्रेत्याच्या हाती ना चेहरा राहतो ना वस्तू.

फसवणूक झालीच तर पहिली कृती १९३० वर फोन करण्याची आणि दुसरी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवण्याची. बँकेला कळवणे याच वेळी व्हायला हवे. संकोचाने गेलेला एक दिवस पैशाला चार खाती ओलांडायला पुरतो. तोतयेगिरी करून संगणकीय साधनाने फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३१८ व ३१९ हीदेखील त्याला लागू पडतात.

मंचांची जबाबदारी

सावधगिरीचा सगळा भार एकट्या विक्रेत्यावर टाकणे न्याय्य नाही. ऑनलाइन बाजारपेठा कायद्याच्या भाषेत ‘मध्यस्थ’ असतात, आणि इतरांनी टाकलेल्या मजकुराबाबत त्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे सशर्त संरक्षण मिळते. २०२१ च्या नियमांनी त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच २४ तासांत देणे आणि सर्वसाधारणपणे १५ दिवसांत निपटारा करणे बंधनकारक केले. पण पैसे काही मिनिटांत हलतात, तिथे दिवसांत मोजलेल्या मुदतीला अर्थ उरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा वस्तू घेणाऱ्या ग्राहकाचा विचार करतो; आपला एक जुना फोन विकणारा गृहस्थ त्या कायद्याचा ग्राहक नसतो आणि व्यापारीही नसतो, त्यामुळे तो दोन चौकटींच्या मधल्या फटीत सापडतो. खरेदीदाराची ओळख पडताळणे, संभाषणात क्यूआर कोड आला की ठळक मराठीत इशारा देणे, आणि वस्तू ताब्यात मिळेपर्यंत रक्कम तिसऱ्या विश्वासू खात्यात राखून ठेवण्याची सोय करणे, या गोष्टी तंत्रज्ञानाला अवघड नाहीत. त्यांची मागणी नागरिकांनी आणि ग्राहक संघटनांनी लावून धरली पाहिजे.

भीतीपोटी जुनी उपकरणे कपाटात कोंडून ठेवणे हे मात्र याचे उत्तर नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या भारताच्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे, पण चालू उपकरण दुसऱ्याच्या हाती जाऊन आणखी चार वर्षे वापरले जाणे हे पुनर्चक्रणाहून चांगले. गडचिरोली-गोंदियातून नागपुरात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला परवडणारा लॅपटॉप मिळतो तो याच बाजारामुळे.

म्हणून जुन्या उपकरणांचा व्यवहार वाढावा, पण तो पावतीचा व्हावा. माहिती नीट पुसणे, नाव जुळवून पैसे घेणे आणि आयएमईआयसह सही घेणे यांत एखादा तास जातो; त्या तासाभराच्या कामाने विक्रेत्याचे खाते, त्याची माहिती आणि त्याचे नाव वस्तूपासून खऱ्या अर्थाने मोकळे होते. जमिनीचा तुकडा विकताना जो काटेकोरपणा मराठी माणूस पिढ्यान्पिढ्या दाखवत आला, त्याचा थोडा अंश मोबाइल विकताना दाखवला, आणि मंचांनी व शासनाने आपला वाटा उचलला, तर या बाजारात प्रामाणिक माणसाला घाबरून वागण्याचे कारण राहणार नाही.